रकाना क्रमांक चार

करवतीनं कडं दुभंगलं आणि आत पुन्हा फुगे दिसले, तेव्हा कृष्णनाथनं चष्मा काढून खिशात घातला. आणखी बघण्यासारखं त्यात काही नव्हतं. काही फुगे मोहरीएवढे, काही ज्वारीएवढे, आणि एक तर चांगला वाटाण्याएवढा. या मोसमातलं हे पाचवं कडं. पाचही नापास.

"रेझिनचा दोष नाही, सर," विनोदिनी म्हणाली. गुणवत्ता विभाग तिच्याकडे होता. ती मांद्र्याची, पस्तिशीची, आणि वाईट बातमी सांगताना कधी घुटमळत नसे. "पाणी तपासलं, मिश्रण तपासलं, साचे बदलले. आता तपासायचे राहिलो ते आपण दोघं."

"माझ्यात नक्की फुगे निघतील," कृष्णनाथ म्हणाला, आणि स्वतःच्याच विनोदावर हसायचाही त्याला कंटाळा आला.

तुयेच्या औद्योगिक वसाहतीत अगदी शेवटच्या वळणावर त्यांचं केंद्र होतं. तीस माणसं, एक प्रयोगशाळा, दोन शेड आणि पुढे मोठं अंगण. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, इथं फार तर बिस्किटं होत असतील. पण काम मोठं होतं. अग्निबाणाच्या पोटात जो जाळ होतो त्यानं पोलादाचं कवचसुद्धा मऊ पडतं, म्हणून कवचाला आतून अस्तर लावतात. अस्तरानं स्वतः जळायचं, पण सावकाश, दीडदोन मिनिटं, आणि तेवढा वेळ कवच वाचवायचं. हे अस्तर परदेशातून येत असे. ते काजूच्या टरफलातल्या तेलापासून करता येईल, असं अकरा वर्षांपूर्वी कृष्णनाथनं कागदावर मांडलं होतं. पेडण्यात गर काढून झाला की टरफलांचे ढीग जळणात जातात. त्यांतलं तेल हाताला लागलं तर कातडी सोलून निघते. त्याच जहाल तेलाचं रेझिन केलं, कड्याच्या आकारात ओतलं आणि भट्टीत आठ दिवस पक्कं केलं, की जाळापुढे त्याचा टणक कोळसा होतो आणि तो जागचा हलत नाही.

या मोसमाआधीच्या सहा वर्षांत त्यांनी एकेचाळीस कडी ओतली होती आणि त्यांतली अडतीस उत्तीर्ण झाली होती. येत्या अग्निबाणात तुयेचं अस्तर घालायचं की परदेशी, हे गणेशचवथीनंतरच्या दुसऱ्या गुरुवारी अवकाश कार्यक्रमाची समिती तुयेला येऊन ठरवणार होती. एक निर्दोष कडं टेबलावर ठेवायचं, एवढंच बाकी होतं. आणि नेमक्या याच वर्षी कड्यांना फुगे येऊ लागले होते.

नोव्हेंबरच्या अखेरीला कृष्णनाथ निवृत्त होणार होता. आपलं अस्तर एकदा वर गेलेलं बघावं, एवढी एकच इच्छा त्याच्याकडे उरली होती. बाकीच्या इच्छा अकरा वर्षांच्या आढावा-बैठकांत संपल्या. तो मूळचा रसायनवाला. हाताला रेझिन लागून नऊ वर्षं झाली होती. आता लागायची ती शाई. तिमाही आढावा, सहामाही आढावा, आढाव्याच्या तयारीचा आढावा. डिचोलीहून सकाळी निघायचं, अस्नोडा, कोलवाळचा पूल, धारगळ करत तुयेला पोचायचं, आणि आल्याआल्या सह्या करायला बसायचं. संशोधनाचं व्यवस्थापन म्हणजे काय, असं बायकोनं, शालिनीनं, एकदा विचारलं होतं. तो म्हणाला होता, "दुसऱ्यांनी केलेलं काम तिसऱ्यांना कळवणं." ती हसली होती. त्याला हसू आलं नव्हतं.

तिसऱ्या वर्षी एक घोळ झाला होता. पाठवलेल्या फायलीतल्या एका पत्रकात एक रकाना, एकच, रिकामा राहिला होता. समितीनं फाईल परत धाडली आणि पाच महिने फुकट गेले. कृष्णनाथनं कानाला खडा लावला. दुसऱ्याच दिवशी टरफलांच्या शेडमध्ये पाटी लागली: 'पत्रकातला कोणताही रकाना रिकामा ठेवू नये.' तेव्हापासून एकही पत्रक परत आलं नव्हतं. या पाटीचा त्याला अभिमान होता, हेही सांगायला हवं.

पाचवं कडं नापास झालं त्या दुपारी तो जुन्या पत्रकांचा गठ्ठा घेऊन बसला. टरफलांच्या प्रत्येक घाण्याचं एक पत्रक, अशी मागच्या सहा वर्षांची दोनशे चौदा पत्रकं. सगळ्यांवर त्याची सही होती, पण त्यांतलं एकही त्यानं नीट वाचलेलं नव्हतं. सही करणं आणि वाचणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे मोठ्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. आज मात्र तो वाचायला बसला. रकाना एक, टरफलं कुठून आली. रकाना दोन, वजन. रकाना तीन, तारीख. रकाना चार, वाळवण: किती अंश, किती तास. दोनशे चौदा पत्रकांत रकाना चारमध्ये एकच उत्तर होतं. साठ अंश, सहा तास.

इतकं एकसारखं काहीच नसतं. माणूस रोज एका मापाचा चहासुद्धा करत नाही.

फायलीत तारखेप्रमाणे बाकीचेही कागद लावलेले होते. चार वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात एक गेटपास निघाला. वाळवणीचा ओव्हन दुरुस्तीसाठी म्हापशाला, नेला तीन मे, आणला एकोणतीस मे. त्याच्या पाठोपाठ आठ मेचं पत्रक. मग बारा मेचं, वीस मेचं. साठ अंश, सहा तास. ओव्हन म्हापशाला, आणि टरफलं तुयेला त्याच ओव्हनमध्ये वाळत होती. गेटपासवर त्याची सही होती. पत्रकांवरही त्याचीच.

कृष्णनाथ उठला आणि पावसातून शेडकडे गेला.

शेडमध्ये चंद्रावती घाण्याजवळ बसली होती. कोरगावची बाई, वय बावन्न. पोरवयापासून काजूच्या कारखान्यांत काम केलेलं, त्यामुळे दोन्ही हातांचे तळवे कायमचे काळे. खोबरेल चोळल्याशिवाय ती टरफलाला हात लावत नसे. पत्रकं तीच भरायची. चौथीपर्यंत मराठी शिकली होती आणि अक्षर सुबक होतं.

"चंद्रावतीबाय," कृष्णनाथ म्हणाला, "ओव्हन म्हापशाक गेल्लो तेन्ना टरफलां कशी सुकयली?"

"उनांत, सर. आनी खंय?"

"आनी तो परत आयल्यार?"

"तेन्नाय उनांत." तिला या प्रश्नांचंच नवल वाटत होतं. "तो ओव्हन दोन दीस चलता आनी चार दीस निजता. टरफलां तेची वाट बघीत रावतलीं? बियांचो मोसम सोंपलो काय तीन उनां दाखयतां आनी पोत्यांनी भरून दवरतां. वरसभर पुरता. आमच्या कोरगावांत तीन उनां दिल्याबगर बियेक कोण हात लायना. बियेक लागता तां टरफलाक लागना काय?"

"पूण पत्रकांत साठ अंश बरयलां."

चंद्रावतीनं भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं. "रकानो रिकामो दवरूंक जायना म्हण तुमीच लायलां न्हय तां? थंय अंश आनी तास इतलांच विचारलां. उनाक जागोच ना. आदल्या पानार आसलां तांच बरयत गेलां."

तिच्या आवाजात अपराधाचा लवलेश नव्हता. पाटीवर सायबानं लिहिलं, तिनं ते पाळलं. कृष्णनाथ भिंतीला टेकला.

"आनी औंदां?"

"औंदां ना. एप्रिलांत समिती येवपाची आसली न्हय? तुमीच सांगलां, आंगणांतलो पसारो उखला, निवळ करा. नवो ओव्हनय आयल्लो. म्हटलां, आतां सायबाचां तां खरां. औंदां एकाय टरफलाक ऊन लागूंक ना."

पसारा म्हणजे टरफलं वाळवायच्या चटया, हे कृष्णनाथला आता कळलं. अंगणातल्या त्या चटया. सहा वर्षं, एप्रिल आणि मे महिन्यांत रोज सकाळी तो त्या चटयांना वळसा घालून कचेरीत गेला होता. एकदा पाय पडला तेव्हा त्यानं वैतागून बूट झटकला होता. त्या कशाच्या, कशासाठी, हे त्यानं एकदाही विचारलं नाही. आणि ज्या वर्षी त्या नीट दिसल्या त्या वर्षी, पाहुण्यांना बरं दिसावं म्हणून, त्यानंच त्या उचलायला लावल्या.

विनोदिनीनं दोनच दिवसांत कारण पक्कं केलं. ओव्हनच्या तापात टरफलाचं वरचं कवच सहा तासांत खडखडीत होत होतं आणि आतली ओल आतच कोंडली जात होती. उन्हात तीच ओल तीन दिवस हळूहळू बाहेर यायची. कोंडलेली ओल तेलात, तेल रेझिनमध्ये, आणि कडं भट्टीत चढलं की वाफ होऊन फुगे.

"पण आता पावसात ऊन कुठून आणायचं?" ती म्हणाली.

"गेल्या वरसाची दोन पोतीं आसत," चंद्रावती म्हणाली. "माळ्यार. उनां दिल्लीं."

दोन पोत्यांत बरोबर एक कडं झालं. चवथीच्या आदल्या दिवशी ते भट्टीत चढलं. कृष्णनाथ डिचोलीला घरी गेला, गणपतीवर फळांची माटोळी बांधली, आरत्या म्हटल्या, नेवऱ्या खाल्ल्या. भाचरं विचारत होती, मामा, रॉकेट कधी उडणार? तो म्हणायचा, उडेल. त्याला मनापासून एकच हवं होतं: कुणी काही विचारू नये आणि आपल्याला कुठंतरी आडवं पडू द्यावं.

सुट्टीनंतर कडं साच्यातून निघालं. क्ष-किरणांत आरपार बघितलं. एकही फुगा नव्हता. शेडमधल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी पाववाल्या पोदेराला सांगून गरम उंडे आणवले. चंद्रावतीनं काळ्या तळव्यांनी कड्यावरून हात फिरवला. कृष्णनाथलाही आनंद झाला. खराखुरा, वर्षानुवर्षांत न झालेला आनंद. त्याला वाटलं, बस, आता ही बाब इथंच मिटवावी.

संध्याकाळी विनोदिनी पत्रक घेऊन आली. सगळे रकाने भरलेले, चौथा सोडून.

"इथं काय लिहायचं, सर?"

त्यानं पत्रक उलटं करून टेबलावर ठेवलं.

"साठ अंश, सहा तास लिहिलं तर मागच्या सगळ्यांशी जुळतं," ती म्हणाली. "एप्रिलपासून आपण गपचूप ऊन देऊ. अस्तर खरं आहे, सर. कागद तेवढा खोटा आहे."

"तू काय करशील?"

"मी आणखी वीस वर्षं इथं आहे," विनोदिनी म्हणाली. "मला हे अस्तर वर जायला हवंय. पण मी तुमच्या जागी नाही, म्हणून बोलायला सोपं जातं."

ती गेल्यावर चंद्रावती दारात आली. बातमी तिच्यापर्यंत पोचली होती. अशा बातम्या ओव्हनपेक्षा नेमानं चालतात.

"सर, त्या पत्रकांचेर नांव माजां आसा," ती म्हणाली. "माका काडतले?"

"तुमका कोण काडना," कृष्णनाथ म्हणाला. हे खरं ठरेल की नाही, ते त्याला माहीत नव्हतं.

घरी जाताना कोलवाळच्या पुलावर वाहनं तुंबली होती. गाडीत बसल्या बसल्या त्यानं स्वतःशी सगळा हिशेब जमवून बघितला. गप्प राहायला काहीच लागत नव्हतं. दोन महिने गप्प राहायचं आणि हार घालून घरी जायचं. मग कधीतरी आपल्या जागी दुसरा कुणी येईल. चंद्रावतीही घरी बसेल. येणारा माणूस शहाणा असेल, नियमाचा असेल, रकाना चार वाचील आणि टरफलं साठ अंशांवर सहा तास वाळवील. त्याच्या कड्यांतल्या एखाद्यात फुगा इतका बारीक असेल की क्ष-किरणांतही दिसणार नाही. आणि ते कडं वर जाईल. नवा माणूस चटया वाचणार नाही, कागदच वाचील. आपण इतके दमलेले असताना हे आपल्याच वाट्याला का यावं, याचा त्याला रागही आला.

गुरुवारी समिती आली. अध्यक्षबाई साठीच्या जवळ आलेल्या, प्रवासानं थकलेल्या, पण डोळे तल्लख. कडं टेबलावर होतं. त्यांनी क्ष-किरणांची चित्रं उजेडात धरली, एकेक करून खाली ठेवली आणि पहिल्यांदाच हसल्या.

"अभिनंदन, कृष्णनाथ. अकरा वर्षं!"

"मॅडम, या कड्याचं पत्रक अपुरं आहे," कृष्णनाथ म्हणाला.

"मग पुरं करा."

"ते पुरं केलं तर मागची दोनशे चौदा खोटी ठरतात."

आणि त्यानं सांगितलं. ओव्हन, म्हापसा, चटया, एप्रिल, सगळं. बोलताना त्याचा आवाज फार सपाट होता, सामानाची यादी वाचावी तसा. छतावर पाऊस वाजत होता.

"हे लिहिलं कुणी?" समितीतल्या एकानं विचारलं.

"हात कामगाराचा आहे, सही माझी आहे. रकाना मी आखला आणि खरं उत्तर लिहायला त्यात जागा ठेवली नाही. रिकामा सोडायचीही बंदी मीच घातली होती. चौकशी करायची तर माझी करा. कामगाराचं नाव त्यात येऊ नये, एवढी विनंती आहे."

अध्यक्षबाईंनी क्ष-किरणांची चित्रं पुन्हा जुळवून ठेवली. "तुम्ही नोव्हेंबरात निवृत्त होणार ना?" त्या म्हणाल्या. "आज बोलला नसता तर?"

"तर घरी बसून टीव्हीवर अग्निबाण बघितला असता, मॅडम. आणि दर वेळी आत कुठलं कडं आहे, याचा हिशेब करत बसलो असतो."

निर्णय त्याच दिवशी झाला. या अग्निबाणात परदेशी अस्तर जाणार. तुयेची अडतीस कडी हिशेबातून रद्द. प्रकल्प बंद नाही, पण मोजणी पहिल्यापासून, जबाबदारी विनोदिनीकडे. कृष्णनाथनं लेखी स्पष्टीकरण द्यायचं आणि ते त्याच्या सेवापुस्तकात लागणार. कामगाराचं नाव कुठंही आलं नाही. निघताना अध्यक्षबाई दारात थांबल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "आमच्याकडेही असे रकाने असतील. कुठले, ते मला माहीत नाही." मग त्या छत्री उघडून गाडीकडे गेल्या.

मंजूर पत्रकाशिवायचं कडं भांडारात ठेवता येत नाही. ते कापून टाकायचं, असा नियम आहे. तो नियमही कृष्णनाथचाच. विनोदिनीनं शुक्रवारी करवत लावली. तुकडे वेगळे झाले आणि सगळे वाकून बघू लागले. आत काळंभोर, एकजीव, कुठंही टाचणीच्या टोकाएवढं छिद्र नाही. असं अस्तर केंद्रात आजवर झालं नव्हतं. कृष्णनाथला भडभडून आलं आणि त्यानं ते लपवलं नाही. एका तुकड्यावर हात ठेवून तो उभा राहिला. चंद्रावतीनं त्याला पाणी आणून दिलं.

"येवजूं नाकात, सर," ती धीर देत म्हणाली. "एप्रिलांत परत घालतां चटयो."

"एप्रिलांत हांव नासतलां," तो म्हणाला.

शेडमधली पाटी त्यानं स्वतः उतरवली. नवं पत्रक आखलं. चौथा रकाना आता अर्ध्या पानाचा होता आणि वर लिहिलं होतं: 'वाळवण. जे झालं ते.' समितीला असला रकाना आवडणार नाही, असं विनोदिनी म्हणाली. त्याला ते ठाऊक होतं.

नोव्हेंबरात उरलेल्या टरफलांवर पहिला प्रयोग सुरू झाला: ओव्हन कमी तापावर, चाळीस अंश, सलग तीन दिवस. उन्हाचं काम यंत्राकडून करून घ्यायचं, म्हणजे पावसातही कडी करता येतील. कृष्णनाथच्या निवृत्तीला चार दिवस असताना चंद्रावती पहिलं पत्रक घेऊन त्याच्या टेबलापाशी आली. या वेळी तिच्या चेहऱ्यावर भीती होती. खरं लिहायची सवय नसली की तसं होतं.

रकाना क्रमांक चारमध्ये सुबक अक्षरांत लिहिलं होतं: 'पहिला दिवस ओव्हन चालला. दुसऱ्या दिवशी वीज गेली. कधी गेली ठाऊक नाही, मी जेवायला गेले होते. आले तेव्हा ओव्हन थंड होता. तिसऱ्या दिवशी ऊन चांगलं पडलं म्हणून टरफलं बाहेर घातली. कुणाला विचारलं नाही.'

"हा घाणा वाया गेला," विनोदिनी म्हणाली. "यातून काहीच सिद्ध होत नाही. परत करावा लागेल."

"हो," कृष्णनाथ म्हणाला. "परत करा."

त्यानं चष्मा लावला आणि रकाना पहिल्यापासून पुन्हा एकदा वाचला. चंद्रावती हात पदरात लपवून उभी होती. मग त्यानं पेन काढलं, वर कोपऱ्यात 'पत्रक क्रमांक एक' असं लिहिलं आणि खाली सही केली.